विद्यापीठात आम्ही काय करतो



कुणाच्या लग्नात, बारशात ओळख निघते. आम्ही विद्यापीठात काम करतो असं सांगितलं की समोरची बाई आधी आमच्या हातांकडे बघते. मग विचारते, "शिकवता का?" नाही म्हटलं की, "मग झाडलोट?" तेही नाही म्हटलं की तिला पुढचं सुचत नाही. रेडिओ केंद्रातल्या ताईंनीही परवा तेच विचारलं, की बायांनो, तुम्ही तिथे करता तरी काय? म्हणून आज आम्ही सातजणी इथे येऊन बसलो आहोत. बोलणार एक, पण बाकीच्या मधूनमधून टोकतील. तेवढं चालवून घ्या.

आम्ही कृषी विद्यापीठाच्या शेतावर रोजंदारीनं काम करतो. महाराष्ट्रात अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. राहुरीचं १९६८ सालचं, अकोल्याचं १९६९ सालचं, परभणीचं आणि दापोलीचं १९७२ सालचं. तिथे कॉलेज असतं, वसतिगृह असतं, मोठी इमारत असते, ते सगळ्यांना दिसतं. पण इमारतीमागे जी जमीन असते, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जी संशोधन केंद्रं असतात, तिथलं काम फारसं कुणाला दिसत नाही. नवीन वाण तिथेच तयार होतो. एक वाण बाहेर पडायला आठ-दहा वर्षं सहज जातात. तेवढ्या काळात आमच्यातल्या दोघींच्या मुली शाळेत गेल्या, शिकल्या आणि सासरीही गेल्या.

सकाळी हजेरी होते. मुकादम नावं पुकारतात, कृषी सहायक कामं वाटून देतात. खुरपणी, विरळणी, पेरणी, काढणी ही कामं तुम्हीही करता. फरक कुठे पडतो ते सांगतो. घरच्या शेतात सोयाबीन म्हणजे सगळं एकच सोयाबीन. आमच्याकडे एका एकरात वीस प्रकारचं सोयाबीन असतं, आणि प्रत्येक प्रकार तीन ठिकाणी पेरलेला असतो. पहिल्या वर्षी आम्हाला वाटायचं, ही काय पद्धत? एकाच ठिकाणी पेरलं तर काम सोपं नाही का होणार? मग एकदा एका मॅडमनी बांधावर बसवून समजावलं. आपल्याच वावरात बघा ना, विहिरीकडचा कोपरा चांगला पिकतो आणि मुरमाड कोपरा मार खातो. एखादा वाण नेमका विहिरीकडे पेरला गेला तर तो उगाच पहिला येईल. म्हणून प्रत्येकाला तीन-तीन जागा द्यायच्या, आणि कुणाला कुठली जागा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं. कुणावर मेहेरबानी नाही, कुणावर अन्याय नाही. हे ऐकल्यावर आमच्यातली एक म्हणाली, "जावा-जावांत जमिनीची वाटणी अशी केली असती तर कोर्टात जावं लागलं नसतं."

काढणीच्या वेळी प्रत्येक प्लॉटच्या कडेच्या ओळी आधी कापून बाजूला करतात. कडेच्या झाडाला ऊन-वारा जास्त मिळतो, त्याला शेंगा जास्त लागतात, ते मोजलं तर हिशेब चुकतो. मग मधल्या ओळी कापायच्या, त्यांची पेंढी बांधायची, पेंढीला चिठ्ठी लावायची. मळणी प्लॉटवार, वेगवेगळ्या ताडपत्रीवर. एका प्लॉटचं झालं की ताडपत्री झटकायची, झाडायची, दाणा राहिला नाही ना ते बघायचं, मगच दुसरं. पिशवीत दाणे भरले की एक चिठ्ठी पिशवीच्या आत आणि एक बाहेर. बाहेरची पडली, पावसानं भिजली, तरी आतली राहते. ही सवय आता आमच्या घरीही गेली आहे. बियाण्याच्या गाडग्यात आम्ही चिठ्ठी टाकतो.

एक गोष्ट सांगायची की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला, पण सांगतोच. एका ऑक्टोबरात आभाळ भरून आलं होतं आणि सगळ्यांची धावपळ चालली होती. दोन पेंढ्यांच्या चिठ्ठ्या गळून पडल्या. आमच्यातल्या एकीनं अंदाजानं त्या परत बांधल्या. दाणे सारखेच दिसत होते. कुणाला कळलं नाही, कळणारही नव्हतं. रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी हजेरीच्या आधी तिनं आम्हाला सांगितलं, आणि आम्ही सगळ्या मिळून मॅडमकडे गेलो. मॅडम काही बोलल्या नाहीत. वही उघडली आणि लाल पेनानं दोन आकडे खोडले. मग म्हणाल्या, "दोन आकडे गेले तरी गणित करता येतं. दोन खोटे आकडे राहिले असते तर गणित चुकलं असतं, आणि मला कधी समजलंसुद्धा नसतं."

त्या दिवसापासून आमच्या कामाकडे आम्ही वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. त्या वहीतले आकडे पुढे कॉम्प्युटरवर जातात. तिथून चारही विद्यापीठांच्या वर्षाच्या मोठ्या बैठकीत जातात, त्या बैठकीला 'जॉइंट अ‍ॅग्रेस्को' म्हणतात. तिथे ठरतं की कुठला वाण शेतकऱ्याला द्यायचा आणि कुठला थांबवायचा. एवढ्या मोठ्या बैठकीचा आकडा शेवटी कुठे उभा असतो, तर पेंढीला योग्य चिठ्ठी बांधली का, या आमच्या शब्दावर. पण हजेरीपटावर आमच्या नावापुढे अजूनही 'अकुशल' लिहिलेलं असतं.

आता कापसाचं काम. यात खरी कला आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

कपाशीच्या एकाच फुलात नर भाग आणि मादी भाग दोन्ही असतात. फूल आपलं आपणच फळतं. दोन वेगळ्या जातींचा संकर करायचा असेल तर जिला आई करायची त्या झाडाच्या फुलातला नर भाग फूल उमलायच्या आधीच काढावा लागतो. कुठली कळी उद्या सकाळी उमलणार हे आज दुपारी ओळखता आलं पाहिजे. ती कळी फुगलेली असते, पाकळ्यांचं पांढुरकं टोक पात्यातून वर आलेलं असतं. दुपारी तीननंतर आम्ही ओळीत शिरतो. अंगठ्याच्या नखानं कळीच्या बुडाशी गोल चीर द्यायची, हलकं पिळायचं, आणि पाकळ्यांसकट नराचा भाग टोपीसारखा उचलून काढायचा. मधली दांडी आणि खालचा बारीक गर्भ तेवढा राहिला पाहिजे. गर्भावर पांढरा पापुद्रा असतो, त्याला नख लागलं की बोंड धरत नाही, गळून पडतं. नख फार वाढवून चालत नाही आणि अगदी कापूनही चालत नाही. आमच्या अंगठ्याचं नख आम्ही विळ्यासारखं जपतो. सोललेल्या कळीवर लाल कागदाची पिशवी घालायची. त्यानं दुसऱ्या फुलाचे परागकण बसत नाहीत, कळी सुकत नाही, आणि सकाळी हिरव्या पानांत ती लांबून दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून अकरापर्यंत दुसरा भाग. बापाच्या झाडाची ताजी उमललेली फुलं तोडून आणायची, लाल पिशवी काढायची, आणि त्या दांडीच्या टोकावर नरफूल हळूच फिरवायचं. एका नरफुलावर चार-पाच कळ्या होतात. मग देठाला दोरा बांधायचा. दोरा असलेलं बोंड संकराचं, बिनदोऱ्याचं बोंड आपोआप फळलेलं. म्हणून राहून गेलेली फुलं रोज खुडून टाकावी लागतात. एक जरी राहिलं आणि वेचणीत मिसळलं, तरी बियाण्यात भेसळ. कपाशीचं फूल आज पांढरं-पिवळं असतं आणि उद्या लालसर होतं, त्यामुळे कालचं चुकलेलं फूल आज बरोबर सापडतं. देवानं ही सोय बरी केली आहे.

एका बोंडात साधारण पंचवीस-तीस सरक्या असतात. दुकानात कपाशीचं जे ४७५ ग्रॅमचं पाकीट मिळतं, त्याचा आम्ही एकदा घरी बसून अंदाज काढला. त्यातल्या सरक्या भरायला पावणेदोनशे-दोनशे बोंडं तरी लागत असतील. म्हणजे तेवढ्या कळ्या कुणीतरी एकेक करून नखानं सोलल्या, झाकल्या आणि फळवल्या. जी कळी धरली नाही ती वेगळीच. पुढच्या वेळी पाकीट फोडाल तेव्हा एवढं ध्यानात असू द्या. आणि ते काम करणारी बाईच असते, नाहीतर मुलगी. आंध्र आणि गुजरातेतल्या खासगी बीजोत्पादनाच्या शेतांत शाळेच्या वयाच्या मुलींना या कामाला लावलं गेलं, त्यावर बरंच बोललं-लिहिलंही गेलं आहे. लहान बोटं आणि कमी मजुरी, दुसरं काही कारण नव्हतं.

जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस आपल्या देशात झाला, हे तुम्हाला माहीत होतं का? सुरतच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी तो तयार केला, 'हायब्रीड ४' नावाचा, १९७० साली. आपल्याकडे नांदेडच्या केंद्रातून 'नांदेड ४४' आला, तो मराठवाडा-विदर्भातल्या जुन्या शेतकऱ्यांना अजून आठवतो. शास्त्रज्ञांची हुशारी होतीच. पण हातानं एकेक कळी सोलायला एवढी माणसं मिळत नसती तर ते बियाणं एकरांवर पोचलं नसतं. ही आमची बढाई नाही. हातानं केलेल्या संकरावर हे बियाणं विकण्याइतकं तयार होऊ शकलं, म्हणून तर ते आपल्याकडे आधी झालं.

बचत गटातल्या बाया आम्हाला हमखास विचारतात, की संकरित बियाणं घरचं का ठेवायचं नाही, कंपनीचा डाव आहे का? डाव असो-नसो, कारण वेगळं आहे. संकराच्या पहिल्या पिढीत आईबापाचे चांगले गुण एकत्र येतात आणि सगळी झाडं सारखी निघतात. त्यांचंच बी पेरलं की दुसऱ्या पिढीत फाटाफूट होते. एक झाड आजीवर जातं, एक मामावर. उंची सारखी नाही, बोंड सारखं नाही. सोयाबीन, हरभरा, गहू यांचं तसं नाही. ही पिकं आपली आपणच फळतात. सुधारित वाणाचं चांगलं बी एकदा आणलं की पुढची दोन-तीन वर्षं घरचं वापरता येतं, फक्त भेसळीची झाडं फुलोऱ्याच्या वेळी ओळखून उपटली पाहिजेत. आमच्याकडे हे काम वर्षातून तीन-चारदा करतात. फुलाचा रंग, पानाचा आकार, झाडाची ठेवण बघत ओळीतून चालायचं आणि जे वेगळं दिसेल ते मुळासकट काढायचं. डोळा बसायला दोन हंगाम लागतात. घरचं बी ठेवायचा, पेरायचा, एकमेकींना द्यायचा हक्क आपल्याला २००१ च्या कायद्यानं दिलेला आहे. कंपनीचं नाव लावून, पाकीट करून विकायचं नाही, एवढीच अट.

पिशवीवरची चिठ्ठीही वाचायला शिका, त्याला फार शिक्षण लागत नाही. रंग बघायचा. पिवळी चिठ्ठी पैदासकार बियाण्याची, जे विद्यापीठात थेट शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली होतं. त्यापासून पायाभूत बियाणं होतं, त्याला पांढरी. पायाभूतपासून प्रमाणित होतं, त्याला निळी. दुकानात आपल्याला बहुधा निळी मिळते. हिरवी असेल तर ते सत्यप्रत बियाणं, त्याची हमी विकणाऱ्यानं स्वतः दिलेली असते, बीज प्रमाणीकरणाची माणसं त्या शेतात गेलेली नसतात. ते वाईटच असतं असं नाही. पण भाव सांगताना दुकानदार हे सांगत नाही.

पेरणीआधी उगवण तपासा. गोणपाट ओलं करून त्यावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि सहा-सात दिवसांनी मोजायचे. सोयाबीनचे सत्तर चांगले उगवले तर एकरी ३० किलो पुरतं. कमी उगवले तर बी वाढवायचं. फारच कमी असतील तर ते खायला काढा, पेरू नका.

आता पैशाचं. हे बोलताना आवाज खाली येतो, पण बोलतो.

आम्ही रोजंदार. काम केलं त्या दिवसाची मजुरी, नाही केलं तर नाही. पावसानं काम बंद पडलं तर नाही. कायद्यात २४० दिवसांचा एक आकडा आहे. बारा महिन्यांत तेवढे दिवस भरले तर ते वर्षाचं सलग काम धरतात, आणि मग काढून टाकायचं तर नोटीस, भरपाई लागते. आमच्यापैकी कितीतरी जणींना २००-२२० दिवस झाले की सांगितलं गेलं, आता महिनाभर येऊ नका. पहिल्यांदा वाटलं, काम संपलं असेल. शेतात तर तण कमरेएवढं वाढलेलं दिसत होतं.

पण २४० दिवस भरले म्हणजे कायम झालो, असंही नाही. गावोगाव हा गैरसमज आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या रोजंदारी कामगारांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २००१ साली न्यायालयानं म्हटलं की मंजूर पदंच नसतील तर कायम कुठे करणार. पुढे २००६ साली घटनापीठानं कर्नाटकातल्या एका प्रकरणात सांगितलं, की सरकारी ठिकाणी रीतसर भरती न होता नुसती वर्षं भरली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. आम्हाला हे कडू लागलं. तरी माहीत असलेलं बरं. 'तुमचं कायमचं काम करून देतो' म्हणत वर्गणी गोळा करणारे येतात, त्यांना विचारता येतं, की कुठलं पद, कुणी मंजूर केलं?

जे मिळू शकतं त्याकडे मात्र आम्ही बरीच वर्षं पाहिलंच नव्हतं. आमच्यातल्या एकीचं बाळंतपण झालं तेव्हा ती सातव्या महिन्यापर्यंत कळ्या सोलत होती आणि दीड महिन्याच्या बाळाला सासूकडे टाकून परत आली. कचेरीत सांगितलं गेलं, रोजंदारीला बाळंतपणाची रजा नसते. आम्ही मान डोलावली. दोन वर्षांनी तालुक्याच्या शिबिरात एका वकील ताईंनी सांगितलं, की दिल्ली महापालिकेत हजेरीपटावर काम करणाऱ्या बायांचा असाच दावा होता, आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. बाळंतपणाचा लाभ हजेरीपटावरच्या बाईलाही आहे. बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे पगारी रजा, हे २०१७ पासून. पुढच्या वेळी दुसरीची पाळी आली तेव्हा आम्ही निकालाची झेरॉक्स घेऊन गेलो. पाच महिने फेऱ्या मारल्या. पैसे आले, पण पूर्ण नाही आले. राहिलेल्यासाठी अर्ज दिलेला आहे. पहिलीचे दिवस तर गेलेच. तिची मुलगी आता पाचवीत आहे.

या सगळ्यातून एक सवय मात्र आम्ही लावून घेतली. प्रत्येकीकडे छोटी डायरी आहे. तारीख, कुठला प्लॉट, काय काम, कोण सोबत होतं. जिला लिहिता येत नाही तिचं शेजारची लिहिते. मुकादमाच्या हजेरीपटाशी महिन्याला ताडून बघतो. दोनदा फरक निघाला, दोन्ही वेळा दुरुस्त झाला. प्लॉटच्या पेंढीला चिठ्ठी आत आणि बाहेर अशी दोन ठिकाणी ठेवायची, हे आम्हाला विद्यापीठानंच शिकवलं होतं.

त्रासाच्या गोष्टीही असतात. फवारणीच्या दिवशी शेजारच्या प्लॉटला पाठवतात तेव्हा आम्ही आता विचारतो, काय फवारलं, डब्यावरचा त्रिकोण कुठल्या रंगाचा होता. लाल असेल तर सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा, हिरवा. विचारलं म्हणून कुणी कामावरून काढलं नाही. आणि कुणी अंगलट यायला लागलं, घाणेरडं बोललं, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे विद्यापीठात तक्रार समिती असावी लागते. ती रोजंदार बाईसाठीही आहे. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत. आमच्या इमारतीत त्या समितीचा फलक लागलेला आहे, जिन्याच्या मागे. तो शोधायला आम्हाला चार वर्षं लागली.

एवढं असून आम्ही जातो का, असं विचाराल तर जातो. जवळ दुसरं काम नाही हे एक. पण तेवढंच नाही. एका केंद्रावर आम्ही लहानपणापासून ओळखत असलेलं हरभऱ्याचं एक वाण मागच्या वर्षी आमच्याच गावात एकानं पेरलं. त्याला ते कुठून आलं हे माहीत नव्हतं. आम्ही बांधावरून चालताना पानावरून ओळखलं. नंबरावर होतं तेव्हा त्याची चिठ्ठी आम्ही बांधली होती. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काकू, काहीतरीच."

दिवाळीच्या सुमारास शिवारफेरी असते तेव्हा गटातल्या बायांना घेऊन या. सगळे प्लॉट उघडे असतात. काही पाट्यांवर वाणाचं नाव दिसेल, काहींवर नुसता नंबर. नंबर का, ते साहेबांना विचारा, सांगतील. आम्हालाही विचारा. आम्ही बहुतेक कपाशीच्या ओळीत असू, लाल कागद दिसतील तिकडे.